उदाहरण कोणाचे, रीत कोणाची?

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. ते विटाळतील म्हणून मुले धावली. डबे दूर झाले, तेव्हा कुठे भीमरावांना फळ्याजवळ जाता आले. धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवलेला हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने जयंतीच्या सभेत कधी ना कधी ऐकलेला आहे. वक्ते तो डब्यांपाशी आणून थांबवतात. डब्यांची चीड आपल्याला येते, ती आलीच पाहिजे. पण मुलगा त्यानंतर फळ्यापाशी गेला, हातात खडू घेतला आणि ज्यांनी डबे उचलले त्यांच्या डोळ्यांदेखत त्याला पायरी पायरीने उदाहरण सोडवायचे होते, हा प्रसंगाचा उत्तरार्ध आपल्या बोलण्यात येत नाही.

तो यावा, असे मला वाटते. फळ्यावर उदाहरण सोडवणे ही साधी शालेय क्रिया नव्हे. वहीत सोडवलेले उदाहरण शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातले असते, तर फळ्यावरची रीत सगळ्या वर्गासमोर असते. तिथे कोणालाही उठून म्हणता येते की तिसरी ओळ चुकली. आणि चुकली नसेल तर कोणाच्याही जातीला ती पुसता येत नाही.

मी चाकणजवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मराठीच्या माणसाने अंकगणितात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की शाब्दिक उदाहरण हे गद्य आहे. त्यात पात्रे असतात, त्यांचे व्यवहार असतात, कोणी घेतो, कोणी देतो, कोणी राबतो. शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाने कवितेपेक्षा हे गद्य अधिक वाचलेले असते. आपल्या समीक्षेने कादंबरीतला समाज तपासला, कवितेतली प्रतिमा तपासली, आत्मकथनाच्या प्रामाणिकपणावर वर्षानुवर्षे वाद घातले. अंकगणिताचे पुस्तक मात्र तिने निरुपद्रवी समजून सोडून दिले. माझ्या मते ती मोठी उणीव आहे.

१

शाळेत उदाहरणाचे चार भाग शिकवतात: दिलेले, रीत, उत्तर आणि ताळा. या चारांपैकी रीत निःपक्षपाती असते. तिला सावकार आणि कूळ सारखेच. ‘दिलेले’ मात्र समाजातून येते, आणि ते पुष्कळदा गृहीत म्हणून येते. हा फरक किती खोल जातो हे पाहायचे तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’कडे जावे.

इ. स. ११५० मधला हा ग्रंथ भारतीय गणिताचा मानबिंदू मानला जातो, आणि गणित म्हणून तो मान योग्यच आहे. त्यात व्यस्त त्रैराशिकाचे एक उदाहरण आहे. सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत बत्तीस निष्क येते, तर वीस वर्षांच्या स्त्रीची किती? लगेच पुढे बैलाचे उदाहरण आहे: दोन वर्षे जुंपलेला बैल चार निष्कांना, तर सहा वर्षे जुंपलेला कितीला?

रीत लिहू. जिवंत प्राण्याचे वय वाढते तशी किंमत घटते, हे गृहीत. म्हणून त्रैराशिक व्यस्त. सोळा गुणिले बत्तीस, पाचशे बारा. भागिले वीस. उत्तर पंचवीस पूर्णांक तीन पंचमांश निष्क. ताळा: वीस गुणिले ते उत्तर, पुन्हा पाचशे बारा. रीतीत एक अक्षर चुकलेले नाही.

आणि तरीही हे उदाहरण वाचून अंगावर शहारा येतो. बाई विकली जाते, तिची किंमत वयाबरोबर उतरते आणि तिचे स्थान बैलाच्या शेजारी आहे, हे सगळे ‘दिलेले’ या सदरात गेले आहे. विद्यार्थ्याला विचारलेला प्रश्न फक्त भागाकाराचा आहे. आठशेहून अधिक वर्षे टीकाकारांनी, शास्त्र्यांनी, पंतोजींनी हा भागाकार बरोबर केला. काळाच्या नावाने त्याला माफ करणारे आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की मी भास्कराचार्यांवर खटला भरत नाही. समाजाचे क्रौर्य गणितात कोणत्या दाराने शिरते, ते दार मी दाखवतो आहे. ते रीतीच्या दाराने शिरत नाही. ते ‘समजा’ या शब्दाने शिरते.

याच परंपरेची दुसरी बाजू चाळीसगावजवळच्या पाटण येथे दगडावर कोरलेली आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे. मठाला बाजारातून आणि तेलाच्या घाण्यांतून उत्पन्न नेमून दिले होते. लेखाचा तो भाग जुन्या मराठीत आहे आणि म्हणून भाषेचे अभ्यासक त्याला फार जपतात. भाषेबरोबर त्यातला व्यवहारही जपून वाचावा. तेल घाण्याचे आणि विद्या मठाची, अशी ती वाटणी आहे.

२

आता आजच्या वर्गात येऊ. बारा मजूर एक काम आठ दिवसांत करतात, तर सोळा मजूर ते किती दिवसांत करतील? असे उदाहरण सोडवले नाही असा माणूस महाराष्ट्रात शाळेत गेलाच नाही म्हणावे. बारा आठे शहाण्णव. शहाण्णव भागिले सोळा, सहा. उत्तर सहा दिवस.

रविवारी सकाळी मी आयटीआयच्या आणि भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना साधे अंकगणित शिकवतो. बहुतेकांचे आईबाप कंत्राटी कामगार, काही मुले स्वतः रात्रपाळी करून येणारी. हे उदाहरण फळ्यावर पूर्ण झाल्यावर त्यांतल्या एकाने विचारले, “सर, राहिलेले दोन दिवस त्यांना काम भेटतं का?”

वर्ग हसला. मला तो प्रश्न वाङ्मयीन समीक्षेतला उत्तम प्रश्न वाटला. पुस्तकाच्या दृष्टीने काम लवकर संपले, म्हणजे चांगले झाले. मालकाला एकूण शहाण्णव रोजच द्यावे लागले, त्याचे काही बिघडले नाही, उलट दोन दिवस वाचले. मजुराचे मात्र आठ रोज होते ते सहा झाले. एकाच उत्तराचे हे दोन अर्थ आहेत, आणि पुस्तक फक्त पहिला अर्थ जाणते. उदाहरण लिहिणारा कोणत्या बाजूला उभा राहून लिहितो, हे यावरून कळते. त्याने दुष्टपणा केला असे मी म्हणत नाही. तो मजुरीवर कधी गेलेला नाही, इतकेच.

शिवाय या उदाहरणातले मजूर सगळे सारख्या वेगाने काम करतात, आजारी पडत नाहीत, पाणी प्यायला थांबत नाहीत. हेही गृहीतच. वर्गात ते सोयीचे असते. कारखान्याच्या दारातून आत गेले की त्याचे टार्गेट होते. एका नगाला अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. तासाचे सेकंद छत्तीसशे, भागिले अठ्ठेचाळीस, म्हणजे तासाला पंचाहत्तर नग. आठ तासांचे सहाशे. भिंतीवर सहाशे लिहिले जाते. जेवणाचा अर्धा तास कुठे गेला? साडेसात तास धरले तर पाचशे बासष्टच्या वर नग होत नाहीत. उरलेले अडतीस नग कामगाराच्या घासातून किंवा लघवीच्या सुट्टीतून निघतात. ज्याला ही तीन ओळींची रीत लिहिता येते, त्याला निदान कळते की आपण आळशी नाही, आकडा खोटा आहे. ज्याला येत नाही, तो स्वतःलाच दोष देत घरी येतो.

३

रीत न दाखवता उत्तर सांगणे ही आपल्याकडची फार जुनी सत्ता आहे. गावगाड्यात शिवेची खूण महार दाखवी, कारण शिव त्यालाच ठाऊक. क्षेत्राचा आकडा कुलकर्णी लिही. मांग दोर वळून तो वावेने मोजून देई. त्याचे बलुते किती, हे दुसराच ठरवी. मोजण्याचे ज्ञान आपल्याकडे नव्हते हे म्हणणे खोटे आहे. हिशेबाचा कागद आपल्याकडे नव्हता. पावकी, निमकी, दिडकी, औटकीचे पाढे तोंडपाठ असणारा कारकून क्षणात आकडा फेकी, आणि तो कसा आला हे विचारणे म्हणजे उद्धटपणा ठरे.

पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, कुणबी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना पैशापेक्षा कागद हवे होते. रोखे आणि खतपत्रे बाहेर काढून त्यांनी जाळली. हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. जो हिशेब वाचता येत नाही, तपासता येत नाही, तो जाळण्यावाचून माणसापुढे दुसरा मार्ग राहत नाही. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याचे मर्म माझ्या मते एका वाक्यात सांगता येते: न्यायालयाने रोख्यावरचा शेवटचा आकडा खरा धरू नये, व्यवहार पहिल्यापासून तपासावा, मुद्दल वेगळे काढावे, व्याज वेगळे काढावे. म्हणजे कायद्याने सावकाराला सांगितले, रीत दाखव. जमीनच नसलेल्या आपल्या माणसांना या कायद्याचा किती आधार मिळणार होता, हे उघड आहे. ज्याच्याजवळ गहाण टाकायला काही नाही त्याचा हिशेब तोंडीच होता. पण तत्त्व आपल्या कामाचे आहे.

जोतीराव फुले यांना ते केव्हाच कळलेले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम सुचवला, त्यात वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन यांच्या जोडीला हिशेब ठेवलेला आहे. मोडी आणि हिशेब हे दोन शब्द तिथे शेजारी येतात याला अर्थ आहे. सावकाराचा कागद मोडीत असे आणि त्याचे बळ हिशेबात. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना नेमक्या या दोन किल्ल्या द्या, असे ते मागणे आहे.

बाबासाहेबांनी ती मागणी पुढे कुठे नेली हे सांगायला नको. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा माणूस आणि महार वतनाच्या मोबदल्याचा हिशेब १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात मांडणारा माणूस एकच होता. घटनाकार म्हणून आपण त्यांना नित्य वंदन करतो. आकड्यांचा माणूस म्हणून त्यांचा वारसा आपण फार थोडा उचलला आहे.

४

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी वाढत गेली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढे कारखाने चाकणच्या कांद्याच्या बाजारापर्यंत येऊन भिडले. माझे वडील मराठवाड्यातून इथे आले आणि भोसरीच्या एका लहान फाउंड्रीत अठरा वर्षे राबले. २००९ साली ते सुटले, तेव्हा हातात एक चिठ्ठी आली. तिच्यावर ग्रॅच्युइटीचा आकडा होता, अठ्ठावन्न हजार पाचशे. खाली सही करायची जागा. रीत नव्हती.

मी तेव्हा बी. ए. ला होतो. घरात कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे कागद माझ्यापुढे आला. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा असे होते. पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, म्हणून पगाराचे निम्मे, असा सरळ हिशेब मालकाने केला होता. पगार साडेसहा हजार. भागिले तीस, गुणिले पंधरा, सव्वातीन हजार. गुणिले अठरा, अठ्ठावन्न हजार पाचशे. गुणाकार बरोबर होता. पण कामगार महिन्याचे तीस दिवस काम करत नाही. रविवार वगळून महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस. तो पगार त्या सव्वीस दिवसांचा आहे. साडेसहा हजार भागिले सव्वीस, अडीचशे. गुणिले पंधरा, तीन हजार सातशे पन्नास. गुणिले अठरा, सदुसष्ट हजार पाचशे. फरक नऊ हजारांचा, आणि तो सगळा भाजकात लपलेला.

हा भाजक किती मोठ्या वादाचा विषय होता हे मला नंतर कळले. दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये न्यायालयाने सव्वीसचा भागाकार मान्य केला. १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्यातच लिहिला गेला: मासिक पगाराला सव्वीसने भागावे आणि येणाऱ्या भागाकाराला पंधराने गुणावे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो राहिला आहे. चौथीच्या मुलाला यावा असा भागाकार, पण त्याची पायरी कायद्यात शब्दांनी लिहून घ्यावी लागली, कारण ती मोकळी सोडली की बलवान माणूस तिथे आपला भाजक ठेवतो. आम्ही अर्जाखाली ही रीत पाच ओळींत लिहिली. वकील नव्हता, युनियन नव्हती. तीन महिन्यांनी उरलेली रक्कम दोन हप्त्यांत मिळाली.

सगळे अन्याय पाच ओळींत मिटत नाहीत, हे मला माहीत आहे. व्याजाचेच पाहा. पुस्तकात सरळव्याज असते: मुद्दल, द. सा. द. शे. आणि मुदत यांचा गुणाकार, भागिले शंभर. बारा हजार रुपये, दर बारा, मुदत एक वर्ष, व्याज चौदाशे चाळीस. हप्त्यावर वस्तू देणारा दुकानदार हीच रीत दाखवतो आणि म्हणतो, बघा, बाराच टक्के. रीत पुस्तकातलीच आहे. गृहीत मात्र बदलले आहे. पुस्तकात मुद्दल वर्षभर ऋणकोकडेच असते. हप्त्यात ते दर महिन्याला हजाराने परत जात असते. पहिल्या महिन्यात बारा हजार वापरायला मिळाले, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात दहा, शेवटच्यात एक. बारापासून एकपर्यंतची बेरीज अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर हजारांवर एका महिन्याचे एक टक्का व्याज सातशे ऐंशी. घेतले चौदाशे चाळीस. म्हणजे खरा दर बारा नव्हता, बावीस होता. माझ्या वर्गातल्या मुलांनी ही बेरीज स्वतः केली तेव्हा काही वेळ कोणी बोलले नाही. प्रत्येक जण घरातला एकेक हप्ता आठवत होता.

५

आपल्यातच एक विचार अलीकडे ऐकू येतो. गणित ही ब्राह्मणी विद्या, ती आपल्या मुलांना नापास करण्यासाठी वापरली जाते, म्हणून तिची सक्तीच नको. यातली वेदना खरी आहे. दहावीला गणितात गेलेला मुलगा पुन्हा शाळेकडे फिरकत नाही, हे मी पाहतो. पण यातला निष्कर्ष आपल्याला जिथून बाहेर पडायचे आहे तिथेच परत नेतो. २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एक सूचना चर्चेत आली: गणित आणि विज्ञान या विषयांत पस्तीसऐवजी वीस गुणांवर उत्तीर्ण करावे, मात्र गुणपत्रिकेवर शेरा असावा की या विद्यार्थ्याला पुढे या विषयांचे शिक्षण घेता येणार नाही. सवलत म्हणून ती मांडली गेली. शेरा कोणाच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर पडेल, याचे उत्तर काढायला त्रैराशिक लागत नाही. ज्यांच्या घरी शिकवणी आहे त्यांच्या मुलांवर तो पडणार नाही. दार उघडे ठेवून उंबरठ्यावर नाव लिहिण्याचा हा प्रकार आहे, आणि असे उंबरठे आपण ओळखतो.

जून २०१९ मधला वाद याच्या उलट बाजूचा. दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला वीस एक, वीस दोन असे वाचन आले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते की जोडाक्षरी आणि उलट्या क्रमाच्या संख्यानामांनी लहान मूल अडखळते. त्यावर मराठीच्या अस्मितेचा गजर झाला, विधानसभेत आडनावांवर विनोद झाले. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, हे ज्याला घरात कोणी सांगणारे नाही त्या मुलाचा विचार त्या गदारोळात कोणी केला? नवी नावे पुरेशी आहेत असे मला वाटत नाही. बाजारात आणि पगाराच्या खिडकीवर जुनीच नावे बोलली जातात आणि मुलाला ती यायलाच हवीत. पण नावापाशी अडलेल्या मुलाला संख्येपर्यंत नेणारी एक पायरी म्हणून तो प्रयत्न प्रामाणिक होता. भाषेची शान राखणाऱ्यांना पायरीची किंमत कळत नाही, कारण ते वरच्या मजल्यावरच जन्मलेले असतात.

तेव्हा आपले मागणे काय असावे? गणित सोपे करा, हे नव्हे. प्रत्येक पायरी लिहा, शब्दांत लिहा, मधली ओळ गाळू नका, हे. हुशार मुलाला ओळ गाळण्याची सवय लावली जाते आणि त्याचे कौतुक होते. पहिल्या पिढीच्या मुलासाठी ती गाळलेली ओळ म्हणजे तुटलेली शिडी. आणि त्यासोबत दुसरे मागणे: ‘दिलेले’ तपासण्याचा हक्क. उदाहरण सोडवण्याआधी मुलाने विचारावे, हे कोणी दिले, यात कोण आहे, कोण नाही. आपण दलित साहित्यात नकार या शब्दाला मोठे केले. गृहीत नाकारणे हे त्या नकाराचे सर्वात शिस्तबद्ध रूप आहे, कारण तिथे नाकारून थांबता येत नाही. नवे गृहीत मांडून पुन्हा पहिल्या ओळीपासून सोडवावे लागते.

या त्रैमासिकाच्या वाचकांत शेकडो शिक्षक आहेत. त्यांनी आपापल्या वस्तीतली पन्नास शाब्दिक उदाहरणे लिहून काढावीत: रोजंदारीची, भिशीची, पाण्याच्या टँकरची, ऊसतोडीच्या उचलीची, घरभाड्याच्या अनामतीची. प्रत्येकाची रीत पूर्ण लिहावी. ताळा करताना उत्तर भाजकाशी जुळले की नाही हे पाहावेच, आणि ते माणसाच्या हातात पडलेल्या रकमेशी जुळले की नाही हेही पाहावे. जिथे दोन्ही ताळे जुळत नाहीत, तिथे उदाहरण चुकलेले आहे असे समजून चालू नये. बहुधा तिथेच चोरी सापडते.